समुद्रकाठचे बिऱ्हाड आणि मुलांची सुरक्षितता

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये सबंध सह्याद्री उभा आहे. तरीही केडगावच्या परिसरातील, किंबहुना दौंड-शिरूर तालुक्यांतील एखाद्या घरात समुद्रकाठच्या वस्तीची चर्चा निघावी, यात नवल नाही. मुलाला मुंबईत नोकरी लागलेली असते. मुंबईत जागा घेणे आवाक्याबाहेरचे असते. वसई, नालासोपारा, विरार या बाजूस ते कसेबसे जमण्यासारखे असते. मग सून आणि दोन लहान मुले यांना घेऊन तिकडे बिऱ्हाड थाटावे की मुलाने एकट्याने राहून महिन्याकाठी गावी यावे, असा प्रश्न उभा राहतो. वडीलधारी मंडळी तिकडे राहणाऱ्या एखाद्या नातलगास विचारतात, 'वस्ती कशी आहे?' नातलग सांगतो, 'चांगली आहे.' एवढ्या दोन शब्दांच्या आधारावर एका कुटुंबाची पुढील वीस वर्षे ठरून जातात.

मुले वाढविण्यास कोणती जागा सुरक्षित, हा प्रश्न केडगावला मुळीच नवा नाही. एका अर्थी आजचे केडगाव ज्या संस्थेमुळे जगभर ठाऊक झाले, ती संस्थाच या प्रश्नाच्या उत्तरादाखल तेथे आली. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी शारदा सदन सुरू केले ते मुंबईत, चौपाटीनजीक, म्हणजे समुद्राच्या काठीच. पुढील वर्षी त्यांनी सदन पुण्यास हलविले. मुंबईपेक्षा पुणे कमी खर्चाचे आणि प्रकृतीस मानवणारे, असा हिशेब त्यामागे होता. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला आणि लवकरच तो पुण्यात पोहोचला. त्याच सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळात निराधार झालेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया रमाबाईंनी आणल्या होत्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगाव येथे घेऊन ठेवलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर त्यांनी या मुलींना नेले.

ती जमीन म्हणजे काही नंदनवन नव्हते. उघडे माळरान, अल्प पाऊस आणि डोक्यावर धड छप्पर नाही, अशी स्थिती होती. परंतु रमाबाईंचा विचार कोणत्या दिशेने चालला होता, हे पाहण्यासारखे आहे. गावाचा लौकिक काय, शेजार कोणत्या जातीचा, हा त्यांचा पहिला प्रश्न नव्हता. साथ आली तर मुली कोठे राहतील, पाणी कोठून येईल, धान्य कसे पोहोचेल, आजारी पडल्यास स्त्रियांना कोणत्या व्यवस्थेच्या हवाली करावे लागेल, हे त्यांचे प्रश्न होते. प्लेगच्या रुग्णालयांत स्त्रियांसाठी असलेल्या व्यवस्थेच्या दुरवस्थेवर त्यांनी १८९७ साली 'बाँबे गार्डियन' पत्रातून उघडपणे लिहिले, ते याच चिंतेपोटी. केडगावात त्यांनी विहिरी खणल्या, लोहमार्गाची सोय हाताशी ठेवली आणि मग वसतिगृहे उभारली. १९०० च्या दुष्काळानंतर तेथे दोन हजारांच्या घरात माणसे राहू शकली, ती या पूर्वविचाराच्या बळावर.

हाच विचार आज समुद्रकाठच्या उपनगराला लावला तर काय दिसते?

सर्वसाधारणपणे वस्तीची पारख करताना आपल्याकडून दोन चुका होतात. पहिली, सुरक्षितता म्हणजे केवळ चोरीमारीचा अभाव, असे आपण समजतो आणि 'तिकडची माणसे कशी आहेत' या चौकशीत सारी शक्ती खर्च करतो. या चौकशीतून माहितीपेक्षा पूर्वग्रहच अधिक हाती लागतात. अमुक भाषेचे लोक, तमुक धर्माचे लोक, झोपडपट्टी जवळ आहे की दूर, यांवरून निष्कर्ष काढले जातात. दुसरी चूक म्हणजे आपण जागा पाहावयास जातो ती हिवाळ्यातल्या एखाद्या प्रसन्न रविवारी. समुद्रावरून वारा येत असतो, इमारतीला नवा रंग दिलेला असतो, दलाल गोड बोलत असतो. त्या दिवशी जगातील कोणतीही वस्ती सुरक्षितच दिसणार. वस्तीची परीक्षा तिच्या सर्वांत वाईट दिवशी होते, आणि किनाऱ्यावर तो दिवस बहुधा पावसाळ्यात येतो.

२६ जुलै २००५ हा असा एक दिवस होता. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. असंख्य शाळकरी मुलांनी ती रात्र शाळांत आणि बसगाड्यांत काढली. पुढे डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने या आपत्तीचा अभ्यास केला. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधल्या होत्या, हे त्या काळात सर्वतोमुखी झाले. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट घाटावरच्या माणसाच्या सहसा ध्यानी येत नाही. देशावर पाऊस पडला की पाणी ओढ्याने नदीस जाते. किनाऱ्यावर पाणी समुद्रास जाते खरे, पण भरतीच्या वेळी समुद्रच ते घेण्यास नकार देतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती आणि मुसळधार पाऊस यांची गाठ पडली, म्हणजे पाण्याला जाण्यास वाटच उरत नाही. मुंबई महापालिका पावसाळ्यापूर्वी साडेचार मीटरहून मोठ्या भरतीच्या दिवसांची यादी प्रसिद्ध करते, ती यासाठीच.

वसई-विरारची भूरचना या दृष्टीने अधिक नाजूक आहे. पूर्वेस तुंगारेश्वरचे डोंगर, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी आणि मधल्या सखल पट्ट्यात मिठागरे, खाजणे व भातशेती. डोंगरावरून उतरणारे पाणी या पट्ट्यात पसरावे, भरती ओसरेपर्यंत थांबावे आणि मग निघून जावे, अशी ही नैसर्गिक योजना होती. या पट्ट्यातच भराव पडले आणि इमारती उभ्या राहिल्या. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा परिसरात लोहमार्ग पाण्याखाली गेला, गाड्या अडकल्या, उतारूंना बाहेर काढावे लागले आणि मिठागरांतील माणसे पाण्यात वेढली गेली. ज्या घरात तान्हे मूल आहे, त्या घराच्या दृष्टीने अशा वेळी दूध, औषध, वीज आणि पिण्याचे पाणी यांचा प्रश्न चोरांच्या भयापेक्षा कितीतरी मोठा असतो.

दुसरी गोष्ट जमिनीची आणि कागदांची. सुरक्षिततेशी कागदांचा काय संबंध, असे कोणास वाटेल. नालासोपाऱ्यात ४१ अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार पाडण्यात आल्या, त्या कारवाईची अखेर २०२५ च्या आरंभी झाली. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमी यांसाठी राखून ठेवलेली होती. सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली आणि शाळेचे वर्ष संपण्यापूर्वी मुलांच्या डोक्यावरचे छप्पर गेले. त्याच वर्षी २६ ऑगस्टच्या रात्री विरार येथे चार मजली इमारतीचा भाग कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. तीही इमारत अनधिकृत होती आणि बांधून तिला पुरती पंधरा वर्षेही झाली नव्हती. तेथे त्या रात्री एका वर्षाच्या मुलीचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. ती मुलगी आणि तिची आई यांचाही मृतांत समावेश होता. तिच्या आईबापांनी घर घेताना शेजार चांगला आहे की नाही, हे पाहिलेही असेल. त्यांना दगा दिला तो खांबांनी आणि तुळयांनी, आणि ते खांब तपासण्याचे ज्यांचे काम होते, त्यांनी.

तिसरी गोष्ट रोजच्या दिनक्रमाची. विरारहून मुंबईस नोकरीला जाणारा माणूस पहाटे घराबाहेर पडतो आणि रात्री परततो. पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर मूल दहा-बारा तास कोणाच्या हवाली राहणार? मुंबईच्या उपनगरी लोहमार्गांवर अलीकडच्या वर्षांतही दरसाल दोन हजारांहून अधिक माणसे प्राण गमावीत आहेत, त्यांतील बरीचशी रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून. कुटुंबाची सुरक्षितता मोजताना मुलाच्या बापाचा हा रोजचा प्रवास हिशेबात धरला जात नाही, ही चमत्कारिक गोष्ट आहे. मूल सुरक्षित वस्तीत आणि बाप दारात लोंबकळत, अशा घराला सुरक्षित कसे म्हणावे?

यावर गावाकडची मंडळी म्हणतील, 'मग आपला गावच बरा.' हेही तपासून पाहिले पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांच्या आत बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. त्यांत साडेपाच वर्षांची एक मुलगी आणि तेरा वर्षांचा एक मुलगा होता. ज्या उसाने या टापूत पैसा आणला, त्याच उसाने बिबट्याला आडोसा दिला. कठडा नसलेली विहीर, भरून वाहणारा कालवा, पाचटातला साप, महामार्ग ओलांडून शाळेस जाणारी पोरे, हे धोके गावकऱ्यांच्या अंगवळणी पडले आहेत एवढेच. सवयीचा धोका धोका वाटत नाही आणि अपरिचित गोष्ट धोका नसतानाही भीती घालते. गाव की उपनगर, हा निवाडा करताना मनाचा हा पक्षपात बाजूस ठेवणे अवघड असले, तरी आवश्यक आहे.

परंतु या सर्व विवेचनावर एक आक्षेप येतो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जमीन पाहा, नकाशा पाहा, भोगवटा प्रमाणपत्र पाहा, हे उपदेश ज्याच्या गाठीशी पैसा आहे त्यालाच परवडतात. अधिकृत घर महाग आहे, म्हणूनच माणूस अनधिकृत घराकडे वळतो. त्याला धोका समजत नाही असे नाही, त्याच्यापुढे दुसरा मार्ग नसतो. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच हा प्रश्न केवळ कुटुंबप्रमुखाच्या शहाणपणावर सोडून देता येत नाही. अनधिकृत इमारतीस घरपट्टी आकारली जाते, वीज मिळते, नळही येतो. घरपट्टीची पावती म्हणजे इमारत अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे, असे कायदा सांगतो. पण शेतकऱ्याच्या मुलाने हे कोठून जाणावे? सरकारी शिक्क्याचा कागद हाती पडला की सरकारने मान्यता दिली, असेच तो समजणार. जे शासन कर घेताना इमारत ओळखते, त्याने ती विकली जात असतानाच 'ही अनधिकृत आहे' असे दारावर ठळक अक्षरांत लिहिले पाहिजे. पूररेषा, भरावाच्या जमिनी, आरक्षणे आणि धोकादायक इमारती यांची माहिती मराठीत, वॉर्डवार आणि घर घेण्यापूर्वी मिळावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

अशी मागणी करणारी माणसे ज्या वस्तीत आहेत, ती वस्ती इतर वस्त्यांपेक्षा अधिक सुरक्षित, असेही म्हणता येईल. वसईने हे एकदा दाखवून दिले आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, बांधकामांचा लोंढा आणि विहिरींतून उपसून टँकरने विकले जाणारे पाणी यांच्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखी माणसे उभी राहिली. बागायत, विहिरी आणि पाण्याच्या वाटा राखणे म्हणजे घरे राखणे, हे त्यांनी ओळखले होते. तो लढा सर्वस्वी यशस्वी झाला असे नाही. २००९ साली महानगरपालिका स्थापन झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांपलीकडे गेली आणि बांधकामे वाढतच राहिली. तथापि जो हिरवा पट्टा आज उरला आहे, त्याचे बरेचसे श्रेय त्या जागरूकतेस आहे.

तेव्हा दौंड-शिरूरकडील जे कुटुंब समुद्रकाठी बिऱ्हाड करण्याचा विचार करीत आहे, त्याने जागा पाहण्यास जुलै-ऑगस्टमध्ये, मोठ्या भरतीच्या दिवशी जावे. तळमजल्यावरच्या भाडेकरूस विचारावे, पाणी कोठवर येते. भिंतीवरची ओल पाहावी. मध्यरात्री मुलाला ताप भरला तर रुग्णालय किती अंतरावर आहे आणि त्या रस्त्यावर पाणी साचते का, हे चालत जाऊन पाहावे. शाळेच्या वाटेवर रूळ, नाला, महामार्ग काय लागते, ते मोजावे. इमारतीचा परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकेत जाऊन पडताळावे, दलालाच्या छायाप्रतीवर विसंबू नये. नवी इमारत असल्यास महारेराकडील नोंद पाहावी. आणि शेवटी त्या वस्तीत एखादी रहिवाशांची समिती खरोखर काम करते का, नाला तुंबला तर तक्रार कोण करतो, हे विचारावे. एवढे करूनही सर्वस्वी निर्धोक जागा मिळेलच असे नाही. केडगावच्या माळावर रमाबाईंनाही तशी जागा मिळाली नव्हती. मुली तेथे पोहोचल्यावर त्यांनी विहिरी खणावयास घेतल्या.