गाडीचा ईसीएम ‘गेला’ म्हणतात? नवा टाकण्याआधी एवढं नक्की तपासा

चंद्रपूर/गडचिरोली : सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही. स्कॅनर लावला तर तो गाडीशी जुळत नाही. मग मिस्त्री सांगतो, ‘ईसीएम गेला, नवीन टाकावा लागेल.’ नव्या ईसीएमची किंमत बहुतेक गाड्यांत पाच आकड्यांत जाते. सिरोंचा किंवा भामरागडहून गाडी गडचिरोलीला न्यायची तर जवळपास दोनशे किलोमीटर टोचन करून न्यावी लागते. भाजीपाला, धान किंवा सवारी वाहून हप्ता भरणाऱ्या पिकअपवाल्याचा धंदा तेवढे दिवस बंद. त्यात डबी बदलूनही गाडी सुरू झाली नाही, तर पैसाही गेला आणि वेळही गेला. म्हणून ही डबी काय काम करते आणि ती खरंच खराब आहे हे कसं ओळखायचं, ते गाडीमालकाला माहीत असलेलं बरं.

ईसीएम म्हणजे काय?

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल. कोणी त्याला ईसीयू म्हणतं, कोणी गाडीचा कंप्युटर. धातूच्या चपट्या डबीत एक सर्किट बोर्ड असतो. क्रँक सेन्सर, डिझेलच्या रेलमधला प्रेशर सेन्सर, पॅडल, इंजिनचं तापमान यांची माहिती या डबीत येते. त्यावरून कोणत्या इंजेक्टरने कधी आणि किती डिझेल मारायचं हे ती ठरवते.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या डिझेल गाड्यांत हे काम पंपच करायचा. देशभर १ एप्रिल २०१७ पासून बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. आता नवी डिझेल गाडी ईसीएमशिवाय चालत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीपेक्षा मोठ्या नव्या ट्रॅक्टरलाही कडक नियम लागू झाल्याने त्यातही ही डबी आली. म्हणजे हा विषय आता फक्त कारवाल्यांचा राहिला नाही.

डबी खराब कशाने होते?

पहिलं कारण पाणी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला आलेला महापूर ब्रह्मपुरी, सावली, आरमोरी, देसाईगंज भागात लोक विसरलेले नाहीत. भामरागडला पर्लकोटेचं पाणी तर पावसाळ्यात नेहमीच चढते. डबी काही गाड्यांत बोनेटखाली असते, काहींत डॅशबोर्डखाली पायाजवळ. कनेक्टरमध्ये पाणी शिरलं आणि करंट चालू असला, की पिना हिरव्या पडून गळून जातात.

दुसरं कारण वेल्डिंग. कॅरिअर, गार्ड किंवा डाल्याची जाळी बसवताना बॅटरी जोडलेली ठेवून वेल्डिंग केलं, तर तो करंट वायरिंगमधून डबीपर्यंत जाऊ शकतो.

तिसरं कारण बॅटरीचे उलटसुलट प्रयोग. दुसऱ्या गाडीची बॅटरी लावून गाडी चालू करायची आणि चालू इंजिनवरच ती काढून घ्यायची, ही सवय गावागावात आहे. त्या क्षणी अल्टरनेटरचा व्होल्टेज एकदम उसळतो. प्लस-मायनस उलटं लागलं तर नुकसान आणखी मोठं.

चौथं कारण उंदीर. धान निघाल्यावर गाडी तणसाच्या ढिगाजवळ किंवा कोठाराजवळ उभी राहिली, की उंदीर वायरिंग कुरतडतात. यात डबी चांगली असते, वायर तुटलेली असते. पण लक्षण तेच दिसते.

आधी फेज पाहा, मग मोटार

शेतातली मोटार चालली नाही तर शेतकरी लगेच नवी मोटार आणत नाही. आधी लाइन पाहतो, मग फ्यूज, मग स्टार्टर, शेवटी मोटार. गाडीतही क्रम हाच ठेवावा.

१) बॅटरी : गाडी बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर आधी बॅटरी पाहा. कमी व्होल्टेजवर चांगला ईसीएमही बंद पडतो.

२) फ्यूज, रिले आणि अर्थ : ईसीएमचा वेगळा फ्यूज आणि मेन रिले असतो. बॉडीला नटाने कसलेली अर्थची वायर गंजली असेल तर घासून पुन्हा कसावी. चावी ऑन केल्यावर इंजिनचा चेक लाइट अजिबात लागत नसेल, तर डबीपर्यंत करंट पोहोचतो का हे पहिलं पाहावं.

३) स्कॅनरचं सॉकेट : १६ पिनच्या सॉकेटमध्ये १६ नंबरला बॅटरीचा प्लस आणि ४ व ५ नंबरला अर्थ हवा. तिथला फ्यूज उडाला असेल तर स्कॅनरच चालू होत नाही आणि दोष डबीवर येतो.

४) सेन्सरचा ५ व्होल्ट : डबी बऱ्याच सेन्सरना ५ व्होल्ट पुरवते. एक सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट झाली तरी हा पुरवठा बसतो आणि गाडी सुरू होत नाही. एकेक सेन्सरचा कनेक्टर काढून ५ व्होल्ट परत येतो का ते बघावं. कधी कधी छोट्या सेन्सरवर काम भागते.

५) वायरिंग : डबीचा कनेक्टर काढून पिना पाहाव्यात. हिरवट डाग, वाकलेली पिन, पाण्याची खूण दिसते का? क्रँक सेन्सरपासून डबीपर्यंत वायर सलग आहे का?

पी ०६०१ किंवा पी ०६०६ सारखा कोड आला तर संशय डबीच्या आतल्या बिघाडाकडे जातो. यू ०१०० आला तर ‘डबीशी संपर्क तुटला’ एवढाच अर्थ. त्याचं कारण वायर, फ्यूज किंवा अर्थही असू शकते. करंट, अर्थ आणि वायरिंग सगळं बरोबर निघालं आणि तरीही डबी काम करत नसेल, तेव्हाच ती बदलायचं ठरवावं.

नवी, रिपेअर की जुन्या बाजाराची?

नवी डबी नुसती लावून चालत नाही. तिच्यात त्या गाडीचं सॉफ्टवेअर आणि चेसिस नंबर भरावा लागतो. चावीच्या इमोबिलायझरशी जोडणी करावी लागते. प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही तिच्यात टाकावा लागतो. तो चुकला तर इंजिन ठोकते, धूर मारते. बीएस-६ गाडीत धुराच्या फिल्टरची नोंदही नव्या डबीत घ्यावी लागते.

काही बिघाड बोर्डवरच दुरुस्त होतात आणि जुना डेटा टिकतो. अशा वेळी प्रोग्रामिंगचा खर्च वाचू शकतो. भंगारातली डबी घ्यायची तर लेबलवरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे आणि जुन्या डबीचा डेटा तिच्यात उतरवून देणारा माणूस हवा. ‘सारखीच दिसते’ म्हणून घेतली, तर इमोबिलायझर गाडी सुरूच होऊ देणार नाही. धुराचा फिल्टर बंद करून देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नये. पीयूसी आणि वॉरंटी दोन्ही अडचणीत येतात.

काम करून घेताना

जुन्या डबीच्या लेबलचा आणि चेसिस नंबरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गाडीसोबत सगळ्या चाव्या न्या. डबी काढण्याआधी बॅटरीचा मायनस काढून दहा-पंधरा मिनिटं थांबायला सांगा. प्रोग्रामिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला असावा. मध्येच व्होल्टेज पडला तर नवी डबीही निकामी होऊ शकते. जुनी डबी परत मागा. बिलावर पार्ट नंबर आणि गॅरंटी लिहून घ्या.

पक्कं बिल असेल तर फसवणूक झाल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. चंद्रपूर आणि गडचिरोलीत जिल्हा ग्राहक आयोग आहेत. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं तक्रारीला फी लागत नाही. मुदत २ वर्षांची आहे.

पुरात गाडी बुडाली तर

पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहायचा मोह टाळा. आधी बॅटरीचा मायनस काढा, फोटो घ्या आणि विमा कंपनीला कळवा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात पुराचं नुकसान मिळत नाही. फुल विम्यात मिळते, पण पाणी शिरलेली गाडी सेल्फ मारून इंजिन खराब झालं तर इंजिन प्रोटेक्ट कव्हर नसताना कंपनी दावा नाकारू शकते. डबी आणि कनेक्टर उघडून वाळवल्याशिवाय करंट द्यायचा नाही. वेळेत वाळवलेली डबी बऱ्याचदा वाचते. ओली असताना करंट दिला, तर ती वाचण्याची आशा फार कमी राहते.