द्राक्षाची पेटी आणि अश्रूंचं दार

मुलांनो, द्राक्षं खाताना तुम्ही कधी देठाकडं पाहिलंय का? नाही ना! आपण पटापट मणी तोंडात टाकतो आणि देठ देतो फेकून. पण परदेशातला व्यापारी पेटी उघडली, की आधी देठच बघतो. देठ हिरवा असेल, तर माल ताजा. देठ वाळून तपकिरी झाला, की त्यानं भाव पाडलाच म्हणून समजा.

हे मला कुणी शिकवलं, सांगू? माझ्याच सहावीच्या वर्गातल्या एका मुलानं. बारामतीकडून येणारा नीरा डावा कालवा पुढं इंदापूर तालुक्यात उतरतो, तिकडं त्यांची बाग आहे. २०२४ चा फेब्रुवारी चालू होता. एरवी मधल्या सुटीत सगळ्यात आधी मैदानावर पळणारा हा पठ्ठ्या बाकावरच बसून राहिलेला. विचारलं, तर म्हणाला, "बाई, आमचा कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून चाललाय. पप्पा रात्री झोपतच नाहीत."

सगळा वर्ग हसला. द्राक्षं जायची युरोपात, मग आफ्रिकेला कशाला? त्याला मात्र हसू येईना. खरं सांगायचं, तर मलाही नीट उत्तर देता आलं नाही. मग दुसऱ्या दिवशी कपाटातला पृथ्वीचा गोल काढला, धूळ झटकली आणि दोन रंगांचे दोरे घेतले. एक निळा, एक लाल.

निळा दोरा न्हावा-शेवा बंदरावर ठेवला. तिथून अरबी समुद्र, मग तांबडा समुद्र, मग सुएझचा कालवा, भूमध्य समुद्र आणि शेवटी नेदरलँड्समधलं रॉटरडॅम बंदर. सुएझ हाही कालवाच, बरं का! पण त्याचं पाणी उसाला देत नाहीत. १८६९ साली तो जहाजांसाठी खुला झाला. त्याची लांबी १९३ किलोमीटर. तो नव्हता, तेव्हा युरोपची जहाजं वास्को द गामाच्या वाटेनं, म्हणजे सगळ्या आफ्रिकेला फेरी घालून आपल्याकडं यायची. लाल दोरा आम्ही त्याच जुन्या वाटेनं फिरवला. मग दोन्ही दोरे शेजारी शेजारी धरले. लाल दोरा निळ्याच्या जवळजवळ पावणेदोन पट भरला! समुद्रावर त्याचा अर्थ दहा ते पंधरा दिवस जास्त. जास्त तेल, जास्त भाडं, आणि थंड कंटेनरमध्ये बसून बसून वाळणारे देठ.

आता मुलांचा प्रश्न आलाच. "मग सरळ वाटेनं का जात नाहीत?"

तांबड्या समुद्राच्या तोंडाशी एक चिंचोळी जागा आहे. एका बाजूला येमेन, दुसऱ्या बाजूला आफ्रिका, मध्ये जेमतेम तीस किलोमीटर पाणी. तिचं नाव बाब-अल-मंदब. अरबी भाषेत याचा अर्थ होतो, अश्रूंचं दार. येमेनच्या बऱ्याच भागावर हूती नावाच्या सशस्त्र संघटनेचा ताबा होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये इस्राएल आणि हमास यांच्यात गाझाचं युद्ध पेटलं. आम्ही पॅलेस्टिनी लोकांच्या बाजूनं आहोत, असं सांगत हूतींनी येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. १९ नोव्हेंबर २०२३ ला त्यांनी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाजच पळवलं. ते निघालं होतं आपल्या गुजरातमधल्या पिपावाव बंदराकडं! त्यावरच्या २५ खलाशांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडला. एवढं झाल्यावर मोठमोठ्या जहाज कंपन्यांनी हात जोडले आणि जहाजं आफ्रिकेकडं वळवली.

आता या दारावर पहारा कुणी द्यायचा? इथून गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. पालकांनीही इथं मुलांशेजारी बसून वाचावं, कारण बातम्यांत ही नावं सारखी येतात.

अटलांटिक महासागराच्या एका काठावर अमेरिका आणि कॅनडा, दुसऱ्या काठावर युरोप. दुसऱ्या महायुद्धानंतर, ४ एप्रिल १९४९ ला, या दोन्ही काठांवरच्या १२ देशांनी एक करार केला. एकावर हल्ला झाला, तर तो सगळ्यांवर झाला असं समजायचं. हीच 'नाटो' संघटना. २०२४ मध्ये स्वीडन आत आल्यावर तिचे ३२ देश झाले. आणि गंमत बघा, सगळ्यांनी मिळून मदत करायचं ते कलम आजवर एकदाच वापरलं गेलं, तेही सगळ्यात बलाढ्य सभासदासाठी. ११ सप्टेंबर २००१ ला अमेरिकेवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा.

अमेरिकेनं डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रासाठी काही देशांची मोहीम जाहीर केली. स्पेननं त्यात यायला नकार दिला. फ्रान्स आणि इटली म्हणाले, आमची जहाजं आमच्याच हुकुमानं चालतील. जानेवारीत अमेरिका आणि ब्रिटन यांनी येमेनमधल्या हूतींच्या ठिकाणांवर बॉम्ब टाकले. युरोपातल्या बऱ्याच देशांना हे नको होतं. जहाजांचं रक्षण करू, पण जमिनीवर मारा करणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून १९ फेब्रुवारी २०२४ ला युरोपीय संघानं आपली वेगळी मोहीम सुरू केली. नाव 'आस्पिडेस', म्हणजे ग्रीक भाषेत ढाली.

एकाच दारावर मित्रांचेच दोन पहारे! मुलांना हे पटेना. मग मी त्यांना गस्तीचं उदाहरण दिलं. समजा, वाडीत चोरांची भीती आहे. रोज रात्री एकाच घरची जीप फिरते, डिझेल त्यांचं, बॅटऱ्या त्यांच्या. बाकीचे काठी घेऊन मागं बसतात. एक दिवस जीपवाला म्हणाला, किती दिवस मीच खर्च करायचा?

वर्गात एकच कालवा झाला. एक मुलगी म्हणाली, "बरोबरच आहे त्याचं. डिझेल काय फुकट येतं?" मागच्या बाकावरून उत्तर आलं, "पण जीप आहे म्हणून सगळे त्याचंच ऐकतात की! ते कसं चालतं त्याला?" तिसरा म्हणाला, "आपण आपली दुसरी गस्त काढू." बघा, ढालींची मोहीम त्यानं एका वाक्यात सांगितली.

आणि ही फक्त वर्गातली गंमत नव्हती. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे बडे अधिकारी हूतींवरच्या हल्ल्याबद्दल मोबाइलवर आपसांत लिहीत होते. त्या गटात चुकून एका मासिकाच्या संपादकांनाही घेतलं गेलं आणि सगळं जगजाहीर झालं. (मासिकाचं नावही नेमकं 'अटलांटिक'!) उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांची त्यातली तक्रार जीपवाल्याचीच होती. सुएझवर युरोपचा व्यापार आपल्यापेक्षा कितीतरी जास्त अवलंबून, मग त्यांना पुन्हा आपणच का वाचवायचं? पुढं जूनमध्ये नाटोची बैठक भरली आणि संरक्षणावरचा खर्च २०३५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलं. बैठक झाली हेग शहरात. आमची द्राक्षं उतरतात, त्या रॉटरडॅमच्या अगदी शेजारी!

मला विचाराल, तर जीपवाल्याची तक्रार काही अगदीच खोटी नाही. पण दोन गस्तींनी दोन शिट्ट्या वाजवल्या, तर लोकांनी कुठल्या शिट्टीला दार उघडायचं?

एक रात्र मात्र निराळी होती. २६ जानेवारी २०२४, आपला प्रजासत्ताक दिन. एडनच्या आखातात 'मार्लिन लुआंडा' या तेलवाहू जहाजावर क्षेपणास्त्र आदळलं आणि आग लागली. जहाजावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. हाक ऐकून आपली 'आयएनएस विशाखापट्टणम' युद्धनौका धावली, अमेरिकेची 'कार्नी' आली, फ्रान्सची 'अल्सास' आली. आपल्या नौदलाचे जवान आग विझवायला त्या जळत्या जहाजावर चढले. दुसऱ्या दिवशी आग विझली. सगळे खलाशी वाचले. हे ऐकताना वर्ग इतका शांत होता, की बाहेरच्या नळाचं टपटप ऐकू येत होतं.

तुम्ही म्हणाल, त्या कंटेनरचं काय झालं? तो अडतिसाव्या दिवशी पोचला. मणी चांगले होते, पण बऱ्याच घडांचे देठ वाळले होते. भाव पडला. वर्षभराची फवारणी, मजुरी, खत, सगळं घालून हातात फार थोडं उरलं. त्याच्या बहिणीला पुण्याला शिकायला पाठवायचं होतं, ते एक वर्ष लांबलं.

पुढं ऑक्टोबर आला, बागेच्या छाटणीचे दिवस. सकाळी प्रार्थनेच्या आधीच तो माझ्या टेबलाशी उभा. "बाई, पप्पांनी विचारलंय, तांबडा समुद्र सुरू झाला का? म्हणजे किती माल बाहेर पाठवायचा, ते ठरवायचंय."

"अजून नाही रे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, कपाट उघडलं आणि गोलावरचा निळा दोरा सोडून घडी करून ठेवला. लाल दोरा तसाच राहू दिला.