मालदांडी आणि लोह

मंगळवेढ्याच्या काळ्या, खोल रानात रब्बीची ज्वारी बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवरच पिकते. स्थानिक मालदांडीतून १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेले ‘मालदांडी ३५-१’ हे वाण अद्याप टिकून आहे, ही गोष्ट संशोधकांना भूषणावह खरी, पण तितकीच अडचणीचीही. पुढे संकरित वाणे आली ती प्रामुख्याने खरिपात रुजली. रक्तक्षयावर आहारातूनच उपाय व्हावा म्हणून २०१८ साली अधिक लोह व जस्त असलेले ‘परभणी शक्ती’ आले, तेही खरिपाचेच! मंगळवेढेकरांची भाकरी मात्र रब्बीची. टपोरा, शुभ्र दाणा आणि जनावरांना कडबा यांची हमी नसता केवळ लोहासाठी येथील शेतकरी बियाणे बदलील, अशी अपेक्षा प्रयोगशाळेने बाळगू नये.