नवी यंत्रकरवत : रुळवणूक आणि कार्ब्युरेटरची जुळणी

दिनांक 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारा ओलांडून आत शिरले, तेव्हा रायगड जिल्ह्यात आंबा, नारळ, पोफळ यांच्या बागा आडव्या झाल्या आणि गावोगावचे रस्ते पडलेल्या झाडांनी अडले. कुऱ्हाड व कोयता यांच्या बळावर हे काम किती दिवस चालले असते, याचा अनुभव पेण व रोहे तालुक्यांतील ग्रामस्थांना निराळा सांगावयास नको. पेट्रोलवर चालणारी यंत्रकरवत, जिला बाजारात चेन सॉ किंवा नुसते कटर म्हणतात, ती त्या दिवसांत ज्या वाडीत होती त्या वाडीची वाट आधी मोकळी झाली. पुढील वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. तेव्हापासून अशी एखादी करवत बचत गटाने, बागायतदाराने अथवा ग्रामपंचायतीने घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरले आहे. परंतु अडचणीच्या दिवशीच खोके उघडून नवे यंत्र पहिल्यांदा चालवणे हे यंत्राच्या आणि माणसाच्याही दृष्टीने अहिताचे होय. पावसाळ्यापूर्वीच, सवडीने, ते रुळवून ठेवले पाहिजे.

या यंत्राचे इंजिन दोन फटक्यांचे असते. मोटारगाडीप्रमाणे त्यात वंगणाची निराळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टन, सिलिंडर आणि बेअरिंग यांना वंगण पुरवते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सर्व सूचनांचे कारण आपोआप कळते. सिलिंडरमध्ये पेट्रोल कमी गेले, तर तेलही कमी जाते. हवा अधिक व पेट्रोल कमी अशा मिश्रणाने इंजिन जोरात पळते, ऐकणाऱ्यास बरे वाटते, आणि थोड्याच वेळात पिस्टन तापून सिलिंडरला चिकटते. अशा रीतीने जाम झालेल्या इंजिनाची दुरुस्ती नव्या यंत्राच्या किमतीच्या फार खाली राहत नाही.

चांगल्या प्रतीचे दोन फटक्यांच्या इंजिनाचे तेल बहुतेक यंत्रांना 50 भाग पेट्रोलास 1 भाग या प्रमाणात लागते, म्हणजे 1 लिटर पेट्रोलास 20 मिलिलिटर. साध्या तेलासाठी काही पुस्तिकांत 25 भागांस 1 भाग, म्हणजे 40 मिलिलिटर, असे प्रमाण दिलेले असते. आपल्या यंत्राच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच मानावे. मापन औषधाच्या मापाने करावे, बाटलीच्या झाकणाने नव्हे. “नवे आहे, जरा जास्त तेल असू द्या” हा सल्ला सद्भावनेचा असला तरी चुकीचा आहे. तेल वाढले की त्याच थेंबात पेट्रोल कमी होते, मिश्रण उलट विरळ होते आणि धुराड्यात काजळी साचते.

पेट्रोलच्या बाबतीत एक नवी अडचण आहे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. अनेक साध्या कार्ब्युरेटरच्या करवतींच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांची मर्यादा घातलेली आढळते. कार्ब्युरेटरची जुळणी स्वतः करून घेणारी काही यंत्रे मात्र याहून अधिक इथेनॉल सहन करतात. म्हणून खरेदीच्या वेळीच विक्रेत्यास हे स्पष्ट विचारून घ्यावे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने त्याच जुळणीवर मिश्रण विरळ पडते. शिवाय ते हवेतील ओलावा शोषते, आणि कोकणातील आषाढ-श्रावणात ओलाव्यास काय तोटा? पाणी शोषलेले पेट्रोल डब्याच्या तळाशी निराळे होऊन बसते. मिश्रण आठ-पंधरा दिवसांपुरतेच करावे, डबा घट्ट बंद ठेवावा, भरण्यापूर्वी हलवावा, आणि काम नसेल तेव्हा टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे. पेणच्या खारेपाटात तर खाऱ्या हवेने साखळीही गंजते, हे वेगळेच.

आता रुळवणूक. नारळ फोडून, हळदकुंकू वाहून यंत्र सुरू केल्यावर ते अंगणात तासभर नुसते मंद चालू ठेवण्याची रीत काही ठिकाणी दिसते. पूजेस हरकत नाही. नुसते चालू ठेवण्यास आहे. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीवर नीट बसण्यासाठी त्यांवर बेताचा भार पडावा लागतो. तसेच पहिल्या तीन टाक्या संपेपर्यंत लाकडाबाहेर पूर्ण रेस देऊ नये. आंब्याची अथवा सुरूची मध्यम जाडीची ओंडकी घ्यावीत, साखळी स्वतःच्या वजनाने उतरू द्यावी, दाबू नये. ऐन किंवा किंजळ यांचे जुने कठीण खोड पहिल्या दिवशी घेऊ नये. जोराच्या कापणीनंतर इंजिन लगेच बंद न करता अर्धा मिनिट मंद चालू ठेवावे, म्हणजे पंख्याची हवा लागून उष्णता निघून जाते. यंत्राची पूर्ण ताकद पाच ते पंधरा टाक्यांनंतरच दिसते. तोवर ते दुबळे आहे अशी तक्रार करू नये.

साखळीलाही रुळावे लागते. बसविण्यापूर्वी ती काही तास साखळीच्या तेलात बुडवून ठेवावी. नवी साखळी पहिल्या दिवशी लवकर ताणते. म्हणून दर थोड्या वेळाने, इंजिन बंद करून, ती पाहावी. ती बारच्या खालच्या कडेला चिकटून असावी आणि तरीही हातमोजा घातलेल्या हाताने ओढता यावी. काम संपल्यावर सैल करावी, कारण गरम साखळीवर काढलेला ताण थंड झाल्यावर वाढतो आणि बेअरिंगवर येतो. पेट्रोलबरोबर साखळीच्या तेलाची टाकीही प्रत्येक वेळी भरावी. ट्रॅक्टरचे काढलेले जुने तेल तीत घालू नये. नारळाच्या धाग्यांनी व बुंध्याला लागलेल्या चिखलवाळूने दाते फार लवकर बोथट होतात. भुशाऐवजी पीठ पडू लागले की कानस हाती घ्यावी.

कार्ब्युरेटरची जुळणी सर्वांत शेवटी येते. हवेची जाळी मळलेली, दाते बोथट, साखळी आवळलेली असताना स्क्रू फिरवणे म्हणजे तापाचे कारण न पाहता औषध बदलण्यासारखे होय. हे सर्व ठीक करून इंजिन काही मिनिटे कापणी करून गरम करावे. साधारणपणे तीन स्क्रू असतात. मंद वेगाचे मिश्रण ठरवणारा एक, पूर्ण वेगाचे ठरवणारा दुसरा आणि नुसता मंद वेग वाढवणारा-घटवणारा तिसरा. पहिले दोन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की मिश्रण विरळ होते, उलट फिरवले की दाट. एका वेळी अष्टमांश फेऱ्याहून अधिक फिरवू नये.

प्रथम मंद वेगाचा स्क्रू घ्यावा. रेस देताच इंजिन गुदमरले तर तो किंचित उघडावा. धूर येऊन अडखळत चालले तर किंचित बंद करावा. मग तिसऱ्या स्क्रूने वेग इतका ठेवावा की इंजिन बंद पडणार नाही आणि साखळी मुळीच फिरणार नाही. रेस सोडल्यावरही साखळी फिरत राहिली, तर ते यंत्र कामास नेऊ नये.

पूर्ण वेगाच्या स्क्रूची परीक्षा कानाने होते, आणि ती पहिल्या तीन टाक्यांनंतरच घ्यावी. लाकडाबाहेर दोन-तीन सेकंद पूर्ण रेस दिल्यावर आवाजात थोडी फडफड असावी, आणि साखळी लाकडात शिरताच ती जाऊन आवाज स्वच्छ व्हावा. लाकडाबाहेरच आवाज टोकदार, शिट्टीसारखा येत असेल तर मिश्रण विरळ आहे; स्क्रू उघडावा. फडफड लाकडातही राहिली तर ते दाट आहे. ज्यांच्याकडे फेरे मोजण्याचे साधन असेल त्यांनी पुस्तिकेतील आकडा ओलांडू नये. अनेक व्यावसायिक यंत्रांत तो मिनिटास 13,000 ते 14,000 असतो. स्क्रूवरील मर्यादेच्या टोप्या काढून जास्त वेग मिळवून देणारा कारागीर हुशार समजला जातो. प्रत्यक्षात तो मालकाचे नुकसान करीत असतो. इंजिन थंड झाल्यावर प्लग काढून पाहावा. टोक फिकट तपकिरी असल्यास जुळणी ठीक, पांढरट असल्यास विरळ, काळे व ओले असल्यास दाट.

हे सर्व करताना यंत्र जमिनीवर ठेवून, साखळीचा ब्रेक लावून सुरू करावे. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखाली वळवलेला असावा. बारच्या टोकाच्या वरच्या भागाने लाकडास स्पर्श केला की यंत्र उसळून तोंडाकडे येते. डोळे, कान व पाय यांचे संरक्षण हवेच. वादळात पडलेली फांदी ताणाखाली असते आणि तीत विजेची तार गुंतलेली असू शकते. वीजपुरवठा बंद असल्याची खात्री झाल्याखेरीज तीस हात लावू नये. उभे झाड तोडण्याचा प्रश्न असेल, तर 1964 च्या वृक्षतोड विनियमन कायद्यान्वये साग, खैर, आंबा, फणस इत्यादी अनुसूचित वृक्षांना पूर्वपरवानगी लागते.

दहाव्या टाकीच्या सुमारास रिंगा बसलेल्या असतात, इंजिन मोकळे होऊन त्याचे फेरे वाढतात. त्या वेळी पूर्ण वेगाची जुळणी पुन्हा एकदा तपासावी. यासाठी किती टाक्या झाल्या, कोणते तेल किती घातले, स्क्रू केव्हा व किती फिरवला, हे यंत्राच्या खोक्यातच ठेवलेल्या वहीत लिहावे. एकच करवत गटातील चार जण वापरणार असतील तर ही वही विशेष आवश्यक आहे.