सहा दिवसांचा उमेदवार

एप्रिल उजाडला की हिंगोलीच्या राजकारणातली एक तारीख आठवते आणि तोंड कडू होतं. २८ मार्च २०२४ ला शिंदेंच्या शिवसेनेने लोकसभेची पहिली यादी काढली, तीत हिंगोलीसमोर विद्यमान खासदार हेमंत पाटील यांचं नाव होतं. ३ एप्रिलला ते नाव गेलं आणि बाबूराव कदम कोहळीकर यांचं आलं. अर्ज भरायची मुदत ४ एप्रिलला संपत होती. म्हणजे २०१९ ला २ लाख ७७ हजारांच्या फरकाने निवडून आलेला माणूस सहा दिवस उमेदवार राहिला. त्याच झटक्यात शेजारच्या यवतमाळ-वाशीममध्ये पाच वेळच्या खासदार भावना गवळी यांना बाजूला सारून तिकीट दिलं गेलं ते हेमंत पाटलांच्या पत्नी राजश्री पाटील यांना. एका घरातून काढून त्याच घरात ठेवलं, असाच हिशेब. खासदार बदलण्यात गैर काहीच नाही. त्याच्यावर नाराजी असेल तर बदलावाच, आणि मित्रपक्ष भाजपच्या स्थानिक मंडळींनी आपली नाराजी लपवलेली नव्हती. खटकतं ते एवढंच, की या मतदारसंघातल्या अठरा लाखांवर मतदारांपैकी, निदान पक्षाच्या शाखाप्रमुखांपैकी आणि बूथवाल्यांपैकी, एकालाही या फेरविचारात हात वर करायची संधी मिळाली नाही. त्यांना निरोप मिळाला. आठवडाभर एकाचा प्रचार केला, आता दुसऱ्याचा करा.

हिंगोलीकरांना फेरविचार करता येत नाही, असं मात्र कोणी म्हणू नये. १९७७ ला मतदारसंघ झाला, मग १९८०, १९८४ आणि १९८९ अशी सलग तीनदा काँग्रेसच्या उत्तमराव राठोडांची निवड झाली. त्या काळाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, लाट आली की निकाल ठरलेला. खरी गंमत पुढची. १९९१ पासून २०२४ पर्यंत नऊ निवडणुका झाल्या आणि एकाही खासदाराला या मतदारसंघाने लागोपाठ दुसऱ्यांदा दिल्लीला धाडलं नाही. गुंडेवार, माने, सूर्यकांता पाटील, पुन्हा माने, पुन्हा सूर्यकांता पाटील, वानखेडे, सातव, हेमंत पाटील, आष्टीकर. पूर्वी नाकारलेल्याला परत आणायचीही या मतदाराला लाज नाही. इतका मोकळा मतदार महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. पण त्याच्या पुढ्यात ताट येतं ते वाढूनच. काय शिजवायचं हे विचारायला कोणी येत नाही.

२०१४ ते २०२४ हे दशक म्हणूनच नीट तपासून पाहण्यासारखं आहे. २०१४ ला आघाडीत जागांची अदलाबदल झाली. राष्ट्रवादीकडची हिंगोली काँग्रेसला आणि काँग्रेसकडचं रायगड राष्ट्रवादीला. हळदीचं गाव देऊन मासळीचं घ्यावं तसा हा व्यवहार. हिंगोलीत राष्ट्रवादीची वर्षानुवर्षं बांधणी करणाऱ्या सूर्यकांता पाटलांना पायाखालची जमीनच उरली नाही आणि त्या त्याच वर्षी भाजपमध्ये गेल्या. काँग्रेसकडून उभे राहिले कळमनुरीचे आमदार राजीव सातव. विचित्र योग असा, की सातव तेव्हा युवक काँग्रेसचे राष्ट्रीय अध्यक्ष होते, म्हणजे ज्या संघटनेत राहुल गांधींनी अंतर्गत निवडणुकांचा प्रयोग केला, माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या संस्थेला देखरेखीला बसवलं, तिचेच. त्याच वर्षी काँग्रेसने देशातल्या पंधरा-सोळा लोकसभा मतदारसंघांत उमेदवारच पक्षांतर्गत मतदानाने निवडायचं ठरवलं, ज्याला अमेरिकेत प्रायमरी म्हणतात. महाराष्ट्रात वर्धा आणि लातूर त्यात होते. हिंगोली नव्हती. आणि १६ मे २०१४ ला निकाल लागला तेव्हा प्रायमरीतून आलेले वर्ध्याचे सागर मेघे दोन लाखांवर मतांनी पडले, लातूरचे दत्तात्रय बनसोडे अडीच लाखांनी पडले, आणि अदलाबदलीतून आलेले सातव १,६३२ मतांनी निवडून आले. राज्यात काँग्रेसला दोनच जागा मिळाल्या, नांदेड आणि हिंगोली.

प्रायमरीच्या विरोधकांना यापेक्षा मोठा पुरावा नको. पक्षांतर्गत मतदान हे शहरी हौशी लोकांचं खूळ, खरा उमेदवार वरूनच निवडावा लागतो, हे त्या निकालानंतर छातीठोकपणे सांगितलं गेलं आणि प्रयोग गुंडाळला गेला. वर्ध्याने तर हसू करून टाकलं. निवडणुकीनंतर दोन-तीन महिन्यांत सागर यांचे वडील दत्ता मेघे मुलांसह भाजपमध्ये गेले. पण हाच दाखला उलट बाजूने वाचावा लागतो. २०१४ ला मोदी लाटेत राज्यातल्या ४८ पैकी ४२ जागा युतीने घेतल्या, तेव्हा वरून नेमलेलेही धडाधड पडलेच. सातव यांच्या विजयाचं श्रेय अदलाबदलीला द्यायचं तर त्याच अदलाबदलीतून रायगडला उभे राहिलेले सुनील तटकरे २,११० मतांनी का पडले, हेही सांगावं लागेल. शिवाय वर्ध्यातलं ते मतदान कसलं? निवडक पदाधिकाऱ्यांचं. जिल्हा काँग्रेसवर ज्याचं घर भारी, त्याचाच मुलगा जिंकणार. त्याला लोकशाहीचा प्रयोग म्हणायचं आणि फसला की लोकशाही फसली म्हणायचं, हा कोणता न्याय? त्या मतदानात हरलेल्या चारुलता टोकस पक्षातच राहिल्या आणि २०१९ ला काँग्रेसने त्यांनाच उभं केलं. हरलेली टिकली आणि जिंकलेला गेला, यात मतदानाचा दोष कमी आणि मतदारयादीचा जास्त. सातव निवडून आले त्याला महिना व्हायच्या आत, १० जून २०१४ ला, अमेरिकेत एरिक कँटर हा प्रतिनिधीगृहातला बहुमतवाल्या पक्षाचा नेता स्वपक्षाच्या प्रायमरीत एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरला. तिथे यादी सामान्य मतदारांची होती, म्हणून ते घडलं.

यापुढची पाच वर्षं म्हणजे कोण कुठल्या पक्षात याचा पत्ता रोज बदलायचा काळ. २०१४ ला शिवसेनेकडून पडलेले सुभाष वानखेडे भाजपमार्गे २०१९ ला काँग्रेसचे उमेदवार झाले आणि ज्या मतदारांनी त्यांना धनुष्यबाणावर निवडून दिलं होतं त्यांना पंजा दाबायला सांगू लागले. मतदारांनी नांदेडच्या हेमंत पाटलांना निवडलं, वंचित बहुजन आघाडीच्या मोहन राठोडांनीही पावणेदोन लाखांच्या घरात मतं नेली. पण माझ्या मते या दशकातली कळीची गोष्ट लोकसभेत नव्हे, त्याच वर्षीच्या हदगाव विधानसभेत घडली. तिथे शिवसेनेचे आमदार नागेश पाटील आष्टीकर पुन्हा उभे होते आणि त्यांच्याविरुद्ध बाबूराव कदम कोहळीकर अपक्ष. बंडखोरी नेहमीचीच. सेनेची मतं दोन पाटांनी वाहून गेली आणि काँग्रेसचे माधवराव जवळगावकर आमदार झाले. आष्टीकर की कोहळीकर, हा प्रश्न हदगावातल्या एखाद्या मंगल कार्यालयात शिवसैनिकांना बसवून, मतपेटी ठेवून दुपारपर्यंत सुटला असता. तो न सोडवल्याची किंमत पक्षाने एक आमदार गमावून मोजली. पक्षांतर्गत मतदानाने गट पडतात, मनं दुखावतात, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हदगाव पाहावं. मतदान झालं नाही तरी गट पडलेच, मनं दुखावलीच. फरक इतकाच, की हिशेब विरोधकाच्या खात्यात जमा झाला.

जून २०२२ ला सेना फुटली. कळमनुरीचे आमदार संतोष बांगर लोकांसमोर उद्धव ठाकरेंसाठी रडले आणि ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी शिंदेंकडे बसले. खासदार हेमंत पाटीलही शिंदेंकडे गेले. मग २६ एप्रिल २०२४ ला हिंगोलीत जे मतदान झालं ते कागदोपत्री लोकसभेचं होतं, खरं पाहता ती शिवसेनेची लांबलेली प्रायमरी होती. मशालीवर आष्टीकर, धनुष्यबाणावर कोहळीकर. दोघे एका तालुक्याचे, २०१९ चाच सामना. (आणि तो तालुका नांदेड जिल्ह्यातला. मतदारसंघाला नाव हिंगोलीचं, पण २००९ पासूनच्या चार खासदारांत हिंगोली जिल्ह्याचे एकटे सातव.) दोन्हीकडचा प्रचारही प्रायमरीतलाच होता. तुमचा विचार तोच ठेवा, माणूस बदला, खरी सेना ओळखा. आष्टीकर १ लाख ८ हजारांनी निवडून आले. हदगावातल्या दुपारभराच्या कामासाठी सहा विधानसभा क्षेत्रांतल्या, तीन जिल्ह्यांतल्या मतदारांना उन्हातान्हात रांगेत उभं केलं गेलं. हळदीचा भाव, सिंचनाचा अनुशेष, सोयाबीनचं काय, हे सगळं त्या घरगुती भांडणाखाली दबून गेलं. ज्यांना या भांडणात रस नव्हता अशा दीड लाखाहून अधिक लोकांनी पुन्हा वंचितला मत दिलं, आणि त्यांच्याबद्दल दोन्ही सेनांनी नंतरही फारसं काही बोलल्याचं दिसलं नाही.

यावर जुनी मंडळी सांगतात, प्रायमरी आली की पैसा येईल, बोगस सभासद होतील, बाजार समितीत आणि साखर कारखान्यात होतं तेच होईल, मतदार सहलीला निघतील. होईल, यात शंका नाही. पण पैसा आता नाही असं समजायचं का? आता तो एका दारात जातो, मग पाच हजार दारांत वाटावा लागेल, आणि पाच हजार दारं विकत घेणं एकापेक्षा महाग पडतं. सहकारात निदान यादी प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकत घेता येते, कोर्टात जाता येतं. पक्षाच्या यादीवर हरकत कुठे घ्यायची? लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम २९अ पक्षाला आपल्या घटनेत संविधानाशी निष्ठेची हमी लिहायला लावतं, उमेदवार कसा निवडावा याबद्दल एक अक्षर काढत नाही. विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात पक्षांतर्गत लोकशाही कायद्यात आणा म्हणून सांगितलं, ते धूळ खात आहे. आघाडीत जागा कोणाला सुटेल तेच ठाऊक नसताना प्रायमरी कशी घेणार, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मला त्याचं पूर्ण उत्तर सापडत नाही. एवढंच दिसतं, की जागावाटप अर्जाच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणणं हा निसर्गनियम नाही, ती सोय आहे, आणि ती कोणाची आहे हे २०२४ ने दाखवलं.

ती सोय कागदावरही आहे. ज्याला सगळे एबी फॉर्म म्हणतात त्यातला ए फॉर्म सांगतो, पक्षातर्फे सही करायचा अधिकार कोणाला. बी फॉर्मवर उमेदवाराचं नाव, त्याच्या शेजारी पर्यायी उमेदवाराचं नाव, आणि आधीची शिफारस मागे घ्यायचीही तरतूद. सही शाईची लागते, रबरी शिक्का चालत नाही. अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत तो निवडणूक अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला म्हणजे झालं. हे नाव कोणी सुचवलं, किती सभासदांनी, कोणत्या दिवशी, असा रकाना त्यावर नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हेमंत पाटील राज्यपालनियुक्त म्हणून विधान परिषदेवर गेले. नोव्हेंबरमध्ये हदगावने कोहळीकरांना आमदार केलं. आष्टीकर लोकसभेत होतेच. एका तिकिटाच्या ओढाताणीतले तिघेही लोकसभेच्या निकालापासून सहा महिन्यांत कुठल्या ना कुठल्या सभागृहात बसले. लोकसभेच्या निकालानंतर सूर्यकांता पाटीलही भाजप सोडून शरद पवारांच्या राष्ट्रवादीत परतल्या, दहा वर्षांपूर्वी जागेची अदलाबदल झाली म्हणून जिथून निघाल्या होत्या तिथेच.