घरच्या शेडमधला फौजी ट्रक

सैन्याने लिलावात काढलेला ट्रक विकत घेऊन घरच्या शेडमध्ये पुन्हा उभा करणारे हौशी लोक अमेरिकेत गावोगाव आहेत. जुनी लष्करी वाहने जपणाऱ्यांची त्यांची संघटना १९७६ पासून चालू आहे. या मंडळींचा लाडका ट्रक म्हणजे अडीच टनी एम-३५. मिशिगनमधल्या रिओ कंपनीच्या आराखड्यावर बनलेला हा ट्रक १९५० च्या सुमारास फौजेत आला आणि व्हिएतनामच्या चिखलात दारूगोळ्यापासून जखमींपर्यंत सगळे वाहत राहिला. तीन एक्सल, दहा टायर, आणि तिन्ही एक्सलना इंजिनाची ताकद. अडीच टन हा आकडा आडरानातला. पक्क्या रस्त्यावर हा ट्रक पाच टन वाहतो.

पुढे आलेल्या एम-३५ए२ चे इंजिन विलक्षण आहे. ७.८ लिटरचे, सहा सिलिंडरचे हे इंजिन डिझेल, रॉकेल, विमानाचे जेट इंधन, जे मिळेल ते जाळते. पिस्टनच्या माथ्यावर गोल वाटी कोरलेली असते. इंधन तिच्या भिंतीवर पसरते आणि टप्प्याटप्प्याने पेटते. ही ज्वलनपद्धत जर्मनीच्या मान कंपनीची. आपल्या फौजेचा शक्तिमान ट्रक जबलपूरला बनला तोही मानच्याच परवान्यावर, त्यामुळे दोन खंडांतले हे दोन ट्रक माझ्या लेखी एका घराण्यातले आहेत.

असा ट्रक घरी आला की सगळ्यांना आधी इंजिन सुरू करायचे असते. टर्बोची ती लांब शीळ ऐकायची असते. माझे मत स्पष्ट आहे: आधी ब्रेक. एम-३५ मध्ये हवा आणि तेल दोन्ही मिळून ब्रेक लावतात. पायाने मास्टर सिलिंडरमधले तेल ढकलले जाते आणि एअरपॅक नावाचा भाग हवेच्या दाबाने तो जोर वाढवतो. पण सगळ्या चाकांकडे जाणारा तेलाचा मार्ग एकच आहे. जुना रबरी होज एका ठिकाणी फुटला की जवळजवळ सहा टनांच्या गाडीला पायाचा ब्रेक उरत नाही. राहतो तो फक्त शाफ्टच्या ड्रमवर पकड घेणारा हँडब्रेक. म्हणून होज, सील, चाकांचे सिलिंडर हे सगळे बदलायचे, आणि जमेल त्याने दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर बसवायचा. तेलाचेही पथ्य आहे. सैन्याने नंतर सिलिकॉनचे ब्रेक तेल वापरायला घेतले. ते नेहमीच्या तेलात मिसळत नाही, तेव्हा टाकीत काय आहे ते पाहिल्याशिवाय वरून भर घालू नये.

चाकांपाशी घाई केली तर जीव जाऊ शकतो. रिमवर टायर अडवून धरणारी लोखंडी कडी असते. हवा भरताना ती नीट बसली नसेल तर गोळीसारखी उडते. म्हणून हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे आहेत. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून बोल्टच तोडून बसतो. वायरिंग २४ व्होल्टचे, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडून. रेडिओसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट काढले की दोघींचे चार्जिंग बिघडते आणि दोन्ही लवकर मरतात. त्यासाठी कन्व्हर्टर लावावा. अलीकडच्या गाड्यांवरचा हिरवा रंग रासायनिक हल्ल्याला दाद न देणारा आहे. तो घासताना उडणारी धूळ फुफ्फुसांना घातक असते. साधा रुमाल बांधून भागत नाही.

आता बदलांविषयी. पॉवर स्टिअरिंग बसवणे मला पूर्ण मान्य आहे. मागच्या जोडटायरांच्या जागी एकेक रुंद टायर, तेही चालेल. उद्या कोणी मूळ टायर परत लावू शकेल. पण मागचा एक एक्सल काढून, चेसिस आणि हौदा कापून ट्रक आखूड करण्याची अमेरिकेत मोठी हौस आहे. गाडी वळायला सोपी होते, दिसतेही रुबाबदार. तरी एकदा कापलेली चेसिस पूर्ववत होत नाही, आणि रसद वाहण्यासाठी जन्मलेल्या ट्रकची ओळख तिथेच पुसली जाते. ज्या ट्रकची चेसिस आधीच गंजून गेली आहे त्यावर ही हौस भागवावी. धडधाकट ट्रकला हात लावू नये.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानेच पुढे येतो. निर्मात्याच्या मूळ बांधणीशी विसंगत बदल केलेल्या वाहनाची नोंदणी करता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिला. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि खासगी चारचाकींना 'व्हीए' मालिकेतला खास क्रमांक देऊ केला. अट मात्र हीच, की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. आपल्या फौजेची जबलपुरी जोंगा जीप १९६९ पासून बनू लागली, म्हणजे तिच्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी ओलांडली आहे. महाराष्ट्रात, गोव्यात कोणाच्या गोठ्याशेजारी अशी जोंगा उभी असेल, तर मालकाला हात जोडून सांगणे आहे: लिलावाचे कागद जपून ठेवा, चेसिस नंबर गंजाने पुसण्याआधी त्याचा फोटो काढा, आरटीओत चौकशी करा, आणि त्यानंतरच मिस्त्रीला बोलवा. गॅसकटर मात्र तिच्याजवळ येऊ देऊ नका.