रात्री फोन करणारं टपाल

इंटरनेटला चोवीस तास जोडलेलं राहणं परवडत नव्हतं, तेव्हा यूयूसीपी ही फोनवरून संगणकांमध्ये फाइली पोचवणारी पद्धत कामाला येई. सेवा देणारी कंपनी प्रत्येक ग्राहकाची पत्रं आपल्या डिस्कवर वेगळ्या ‘स्पूल’मध्ये साठवी. रात्री फोनचे दर उतरले की ग्राहकाचा मोडेम नंबर फिरवी, लॉगिन करी, आपली पत्रं देई, साठलेली घेई आणि फोन ठेवी. लाइन मध्येच तुटली तर फाइल स्पूलमध्येच राही. पुढच्या कॉलला पुन्हा निघे. यूजनेट या चर्चागटांच्या (न्यूजग्रुपच्या) जाळ्यावरच्या बातम्यांचे मात्र गठ्ठे बांधून, कॉम्प्रेस करून पाठवावे लागत. फोनचं बिल फुगे ते त्यांच्यामुळेच! म्हणून मोजकेच न्यूजग्रुप लावून घेणं शहाणपणाचं ठरे. मुंबईत १९८६-८७मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी (एनसीएसटी) आणि आयआयटी यांच्यात ईमेल सुरू झाली, तीही डायल-अपवरच.